किंमत घालण्यापलीकडचे बीजगणित

फ(क्ष) = २क्ष + ३ आणि ग(क्ष) = क्ष² अशी दोन फलने देऊन ग(फ(क्ष)) काढायला सांगितले, तर अकरावीचा विद्यार्थी फार अडखळत नाही. क्षच्या जागी २क्ष + ३ घालायचे, वर्ग करायचा, ४क्ष² + १२क्ष + ९ लिहायचे आणि गुण घ्यायचे. आता प्रश्न उलटा विचारून पाहावा. ४क्ष² + १२क्ष + ९ हे फलन कोणत्या दोन सोप्या फलनांपासून आणि कोणत्या क्रमाने घडले असेल? पहिल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी अनेकांना हा दुसरा प्रश्न नेमके काय विचारतो आहे, हेच उमगत नाही. गणित तेच, फलने तीच, फक्त वाट उलटी; आणि तेवढ्यावर सगळे ज्ञान अडते.

एका फलनाचे उत्तर दुसऱ्याला देणे म्हणजे फलनांचे संयोजन; ते आपण किंमत घालण्याचा एक प्रकार म्हणून शिकवतो, हे या अडण्याचे कारण आहे. संयोजन हा बीजगणिताच्या एका प्रकरणातला दोन पानांचा विभाग नाही. सोप्या क्रिया एकापुढे एक ठेवून अवघड क्रिया कशी घडते आणि अवघड क्रिया पुन्हा सोप्या क्रियांत कशी उलगडते, हे सांगणारा तो विचार आहे. वर्गसमीकरण सोडवणे, व्यस्त फलन काढणे, विकलनाचा साखळी नियम वापरणे या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या कामांचा पाया तोच आहे. तो पाया न दाखवता वरचे मजले चढवायला सांगणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे, असे मला ठामपणे वाटते.

सुरुवात फलन म्हणजे काय इथून करावी लागते. ऑयलरने १७४८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात फलनाची व्याख्या केली, ती चल आणि स्थिर राशींपासून बनलेली एक राशी, थोडक्यात एक सूत्र, अशी. पुढे १७५५ मध्ये त्यानेच ती अधिक व्यापक केली आणि एक राशी दुसरीवर अवलंबून असणे यावर भर दिला. १८३७ मध्ये डिरिक्लेने सूत्राची अट आणखी सैल केली. प्रत्येक क्षसाठी एक निश्चित उत्तर ठरलेले असले, की पुरे. ते उत्तर कोणत्या सूत्राने मिळते, किंवा सूत्राने मिळते की नाही, हा प्रश्न गौण. आपल्या पाठ्यपुस्तकांत व्याख्या छापलेली असते ती या शेवटच्या वळणाची, पण सराव करून घेतला जातो तो जवळजवळ सगळा १७४८ च्या वळणाचा. परिणामी विद्यार्थ्याच्या मनात फलन म्हणजे सूत्र, आणि संयोजन म्हणजे एका सूत्रात दुसरे सूत्र कोंबणे, एवढेच उरते.

सूत्र बाजूला ठेवले की संयोजन किती साधे आणि किती व्यापक आहे ते दिसते. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची शाळा जोडणारे एक फलन घ्या. प्रत्येक शाळेला तिचा तालुका जोडणारे दुसरे घ्या. पहिल्यातून निघालेले उत्तर दुसऱ्याला दिले, की विद्यार्थ्याला त्याच्या शाळेचा तालुका जोडणारे तिसरे फलन आपोआप तयार होते. इथे ना क्ष आहे, ना कंस. या दोन फलनांची बेरीज करता येणार नाही, कारण शाळा आणि तालुका यांची बेरीज होत नाही. गुणाकारही होणार नाही. संयोजन मात्र होते. बेरीज-गुणाकार हे व्यवहार मुळात संख्यांचे आहेत. फलनांची उत्तरे संख्या असतात तेव्हा आपण ते फलनांना उसने देतो. संयोजन हा फलनांचा स्वतःचा व्यवहार आहे.

संख्यांच्या जगातही त्याची ताकद वेगळी आहे. दुसऱ्या कोटीच्या दोन बहुपदींची बेरीज केली तर कोटी दोनच्या वर जात नाही, गुणाकार केला तर चार होते. संयोजनातही ती चार होते, म्हणून फरक लगेच लक्षात येत नाही. पण वर्ग करण्याची क्रिया ओळीने दहा वेळा करा: क्षचा वर्ग, त्याचा वर्ग, पुन्हा वर्ग. दहाव्या पायरीला क्षचा घात १०२४ होतो. उलट दहा वर्गांचा नुसता गुणाकार केला तर घात २० होतो. दहा सोप्या पायऱ्यांत एवढी मजल मारता येते, ती पायऱ्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असतात म्हणून.

पायऱ्या आल्या की क्रम आला. दुकानात एका वस्तूची किंमत २,००० रुपये आहे. शेकडा १० सूट आहे आणि शिवाय १०० रुपयांचे कूपन आहे. आधी शेकडा सूट घेतली तर १,८०० आणि मग कूपन वजा जाता १,७०० रुपये होतात. आधी कूपन वापरले तर १,९०० आणि त्यावर शेकडा १० सूट जाऊन १,७१० रुपये. दोन्ही वेळा सवलती त्याच, पण बिल वेगळे. आता कूपनाऐवजी शेकडा ५ ची आणखी एक सूट असती तर? मग क्रम कोणताही घ्या, १,७१० रुपयेच होतात, कारण दोन्ही क्रिया नुसत्या गुणाकाराच्या आहेत. कोणत्या दोन क्रियांचा क्रम बदललेला चालतो आणि कोणत्यांचा चालत नाही, हा प्रश्न एकदा मनात रुजला की विद्यार्थी सूत्रांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. लहानपणापासून त्याने क्रमनिरपेक्ष गुणधर्म बेरीज आणि गुणाकाराच्या संदर्भात इतक्या वेळा पाठ केलेला असतो, की जगातली प्रत्येक क्रिया तशीच वागेल असे त्याला वाटते. संयोजन ही या समजाला धक्का देणारी त्याची पहिली मोठी भेट असते, आणि ती भेट आपण ‘सर्वसाधारणपणे ग∘फ आणि फ∘ग समान नसतात’ या एका वाक्यात उरकतो.

दुसऱ्या बाजूला, साहचर्य गुणधर्म संयोजनाला नेहमीच लागू असतो, आणि त्याची सिद्धता मांडायला बीजगणिताची गरजही पडत नाही. आधी फ, मग ग, मग ह असा क्रम असेल, तर पहिल्या दोन क्रियांना एक गट मानले काय किंवा शेवटच्या दोन क्रियांना मानले काय, प्रत्यक्षात घडते ते तेच आणि त्याच क्रमाने. कंस कुठे घालायचा हा फक्त आपल्या सोयीचा प्रश्न. क्रम महत्त्वाचा, गट करणे आपल्या हातात: ही एवढी जाण संयोजन समजल्याची पहिली खूण आहे.

दुसरी खूण प्रांताची, म्हणजे फलन कोणत्या किमतींवर चालते याची. पहिल्या फलनातून निघालेले उत्तर दुसऱ्याला चालले पाहिजे, ही अट पाठ्यपुस्तकात असते. पण उत्तराचे सुलभीकरण होताच ती विसरली जाते. वर्गमूळ काढणे आणि वर्ग करणे या दोन क्रिया घ्या. आधी वर्गमूळ, मग वर्ग केला तर क्ष परत मिळतो. पण क्ष ऋण असेल तर पहिल्याच पायरीला गाडी अडते. म्हणजे हे फलन ‘क्ष’ असे लिहिले गेले, तरी ते फक्त शून्य आणि धन संख्यांवरच अस्तित्वात आहे. आता उलट करा: आधी वर्ग, मग वर्गमूळ. आता कोणतीही वास्तव संख्या चालते, पण –५ दिले तर ५ मिळतात. उत्तर क्ष नसून क्षचे केवल मूल्य आहे. क्षच्या वर्गाचे वर्गमूळ क्ष, असे लिहिणारा विद्यार्थी आकडेमोडीत चुकलेला नसतो. दोन क्रियांमधून प्रत्यक्ष एक संख्या चालत नेऊन पाहण्याची सवय त्याला कोणी लावलेली नसते.

उलगडण्याच्या कलेचे फार सुंदर उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला. लीलावतीत विलोमविधी नावाची रीत येते. ती त्याही आधीची, आर्यभटानेही ती सांगितली आहे. रीत अशी: अज्ञात संख्येवर ओळीने काही क्रिया केल्या आणि शेवटचे उत्तर दिले, तर शेवटापासून मागे चालावे; गुणाकाराच्या जागी भागाकार, मिळवण्याच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ करावे, आणि यांच्या उलटही.

भास्कराचार्यांचे उदाहरण असे. एका संख्येला ३ ने गुणले, गुणाकारात त्याचाच तीन चतुर्थांश मिळवला, ७ ने भागले, भागाकारातून त्याचाच एक तृतीयांश वजा केला, जे आले त्याला त्यानेच गुणले, ५२ वजा केले, वर्गमूळ काढले, ८ मिळवले, १० ने भागले, उत्तर २ आले. मूळ संख्या कोणती? समीकरण मांडायला बसलो तर वर्गमुळाखाली बरेच मोठे प्रकरण तयार होते. मागे चालू लागलो तर प्रत्येक पायरी तोंडी होते. २ ला १० ने गुणून २०, ८ वजा जाऊन १२, वर्ग १४४, ५२ मिळवून १९६, वर्गमूळ १४. एक तृतीयांश वजा होऊन १४ उरले, म्हणजे आधी २१ होते. त्याला ७ ने गुणून १४७. स्वतःचा तीन चतुर्थांश मिळवून १४७ झाले, म्हणजे आधी ८४. त्याला ३ ने भागून २८. ‘स्वतःचाच अंश’ मिळवला किंवा वजा केला असेल तर मागे कसे जावे, याची वेगळी सूचना भास्कराचार्य देतात, कारण तिथे नुसती चिन्हे उलटवून भागत नाही. प्रत्येक क्रियेची उलट क्रिया विचारपूर्वक ओळखावी लागते.

आज आपण हीच गोष्ट एका ओळीत लिहितो: ग∘फ चे, म्हणजे आधी फ मग ग या साखळीचे, व्यस्त फलन काढायचे तर आधी ग चे व्यस्त, मग फ चे व्यस्त वापरावे. ही ओळ विद्यार्थी पाठ करतात आणि क्रम उलटा का होतो हे विसरतात. लीलावतीच्या उदाहरणात नऊ पायऱ्या मागे चालून आलेल्याला ते विसरता येणार नाही. शिवाय हे उदाहरण आणखी एक गोष्ट शिकवते. १९६ चे वर्गमूळ –१४ ही घेता येते. तिथून मागे गेल्यास –२१, –१४७, –८४ आणि शेवटी –२८ मिळतात. –२८ घेऊन सगळ्या क्रिया पुढे करून पाहाव्यात, उत्तर २ च येते. वर्ग करण्याची क्रिया दोन वेगवेगळ्या संख्यांना एकाच ठिकाणी नेते, म्हणून तिथून मागे फिरताना वाट फुटते. व्यस्त फलनासाठी फलन एकास एक असावे लागते, ही कोरडी वाटणारी अट इथे हाताला लागते.

दहावीला शिकवली जाणारी पूर्ण वर्ग पद्धतही नेमकी हीच आहे, आणि ती तशी शिकवली जात नाही याची मला फार खंत वाटते. क्ष² + ६क्ष + ५ = ० हे समीकरण मागे चालून थेट सोडवता येत नाही, कारण यात क्ष दोन ठिकाणी आहे. क्षपासून दोन वाटा निघतात आणि पुढे बेरजेत मिळतात. मागे फिरायचे तर कोणत्या वाटेने? पूर्ण वर्ग करून तीच राशी (क्ष + ३)² – ४ अशी लिहिली, की क्ष एकाच ठिकाणी उरतो आणि सरळ साखळी दिसते: ३ मिळवा, वर्ग करा, ४ वजा करा. आता मागे चला. शून्यात ४ मिळवा, वर्गमूळ काढा म्हणजे २ किंवा –२, मग ३ वजा करा. उत्तरे –१ आणि –५. पूर्ण वर्ग करण्याचे सारे प्रयोजन म्हणजे राशीला संयोजनाच्या रूपात आणणे. ते सांगितले नाही तर ‘मधल्या पदाच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग मिळवा’ ही कृती मंत्रासारखी म्हटली जाते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. सांगितले तर लेखाच्या सुरुवातीच्या उलट्या प्रश्नाचे उत्तरही विद्यार्थी स्वतःच शोधतो.

बारावीत हे कर्ज फेडावे लागते. साइन(क्ष²) चे विकलन करताना कोसाइन(२क्ष) असे लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहेत. त्यांना साइनचे विकलन येते, क्ष² चेही येते. आधी वर्ग आणि मग साइन अशी दोन पायऱ्यांची साखळी आहे, हे दिसत नाही. ते दिसले तर साखळी नियम पाठ करावा लागत नाही: क्ष थोडा सरकला तर वर्ग २क्ष पट सरकतो, आणि वर्ग सरकला तर साइन कोसाइन(क्ष²) पट सरकतो; दोन्ही पटींचा गुणाकार हेच उत्तर. साइन²क्ष मध्ये क्रम उलटा, आधी साइन आणि मग वर्ग, म्हणून उत्तरही वेगळे.

या चिन्हांनी गोंधळात भर घातली आहे, हे मान्य करायला हवे. साइन²क्ष म्हणजे साइनचा वर्ग, पण साइन⁻¹क्ष म्हणजे साइनचा व्यस्तांक नव्हे, तर व्यस्त फलन. हे चिन्ह जॉन हर्शेलने १८१३ मध्ये सुचवले. फलन दोनदा वापरले तर घाताच्या जागी २, आणि उलटे वापरले तर –१, अशी त्याची सुसंगत कल्पना होती. त्या न्यायाने साइन²क्ष चा अर्थ साइनचा साइन असा व्हायला हवा होता. जगाने त्याची अर्धीच सूचना उचलली. त्याचा केंब्रिजचा मित्र चार्ल्स बॅबेज याने १८१५ आणि १८१६ मध्ये फलनांच्या कलनावर दीर्घ निबंध लिहिले आणि दोनदा वापरल्यावर मूळ क्ष परत देणारी फलने कोणती, असा प्रश्न हाताळला. १ – क्ष हे असे एक फलन, १/क्ष हे दुसरे. गणनयंत्रांची स्वप्ने पाहण्याआधी बॅबेज क्रियांच्या साखळ्यांचा विचार करत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बॅबेजच्या या दोन फलनांचे संयोजन केले तर एक नवे जग उघडते. आधी १ – क्ष, मग १/क्ष घेतले तर १/(१ – क्ष) मिळते. क्रम बदलला तर (क्ष – १)/क्ष. पुढे क्ष/(क्ष – १) ही मिळते. शून्य आणि एक वगळून चालणारी, क्ष धरून एकूण सहा फलने होतात, आणि त्यांतली कोणतीही दोन जोडली तरी सातवे फलन कधीच निघत नाही. १/(१ – क्ष) तीनदा वापरले की क्ष परत येतो. तीन वस्तूंची जागा बदलण्याचे प्रकारही सहाच असतात आणि त्यांचे नियम हुबेहूब असेच असतात. १८५४ मध्ये गणितज्ञ केली याने अशा व्यवस्थांसाठी अमूर्त गटाची कल्पना मांडली, तिची मुळे अशा अनुभवांत आहेत. प्रत्येक गट हा मुळात क्रमपरिवर्तनांच्या संयोजनाचा गट म्हणून पाहता येतो, हा सिद्धांत त्याच्याच नावाने ओळखला जातो. १९४५ मध्ये आयलेनबर्ग आणि मॅकलेन यांनी तर संयोजनालाच मूळ मानून गणिताची एक नवी भाषा उभारली. अकरावीच्या वहीतल्या दोन पानांत एवढे बीज आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. आधी हात बसू द्या, समज नंतर येईल. कोवळ्या वयात एवढी अमूर्तता कशाला, असे अनुभवी शिक्षक म्हणतात. त्यात तथ्य आहे. गणित शिक्षणाच्या अभ्यासक ॲना स्फार्ड यांनी १९९१ च्या निबंधात हेच मांडले, की गणिती संकल्पना आधी प्रक्रिया म्हणून आकळते आणि नंतर एक वस्तू म्हणून. एड डुबिन्स्की आणि सहकाऱ्यांनीही फलनाच्या आकलनाची मांडणी कृती, प्रक्रिया आणि वस्तू अशा टप्प्यांत केली. त्यामुळे सरावाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो एकाच दिशेच्या सरावाला. हात पुढे जाण्याला बसतो तसा मागे येण्यालाही बसवता येतो, आणि त्यासाठी अधिक अमूर्तता लागत नाही. लीलावतीतला प्रश्न सातवीच्या मुलालाही सोडवता येईल.

वर्गात करायचे बदल मोठे नाहीत. संयोजनाची ओळख सूत्रांनी न करता सारण्यांनी करावी: १, २, ३ या संख्यांना एकमेकींकडे नेणाऱ्या दोन सारण्या द्याव्यात आणि तिसरी बनवून घ्यावी. प्रत्येक संयुक्त फलनासाठी सूत्र लिहिण्याआधी एक संख्या त्यातून हाताने चालत नेण्यास सांगावे. जोडण्याच्या प्रत्येक प्रश्नामागे उलगडण्याचा एक प्रश्न असावा, आणि एकाच फलनाच्या दोन वेगळ्या उलगडण्याही बरोबर असू शकतात हे मान्य करावे. उत्तर सोपे करून लिहिल्यावर प्रांत बदलला का, हे दर वेळी विचारावे.

ज्या काळात आपली मुले वाढत आहेत त्या काळाचीही ही गरज आहे. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता ज्या जाळ्यांवर उभी आहे, ती म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या फलनांची लांबलचक संयोजने. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधाने रुळवलेली त्यांच्या प्रशिक्षणाची पद्धत साखळी नियमच वापरते. त्या जाळ्यांत प्रत्येक थरानंतर मुद्दाम एक वाकडे फलन का घातलेले असते, याचे उत्तर अकरावीच्या बीजगणितात आहे: अक्ष + ब या रूपाची कितीही फलने जोडली तरी शेवटी त्याच रूपाचे एक फलन मिळते, शंभर थरांचे काम एकाच थराने भागते. हे कागदावर दोन ओळींत पडताळता येते. ज्याने ते स्वतः पडताळले आहे, त्याला यंत्र चमत्कारासारखे वाटणार नाही.

परीक्षेचा प्रश्न बदलला की शिकवणे बदलते, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा अनुभव आहे. म्हणून मागणी साधी ठेवतो: संयोजनावरच्या निम्म्या गुणांचे प्रश्न उलगडण्याचे असोत. दोन फलने जोडून देणारा विद्यार्थी सूचना पाळू शकतो, एवढेच आपल्याला कळते. समोरच्या फलनाकडे पाहून ते कशाकशाचे आणि कोणत्या क्रमाने बनले आहे हे जो सांगतो, त्याला बीजगणित आले असे म्हणता येईल.